स्ट्रॉब्सनी लोकगीत सोडलं की वाढवलं? ('ग्रेव्ह न्यू वर्ल्ड' ऐकून पडलेला प्रश्न)

अनगोळचा_ढोलकीवाला

परवा शनिवारी आमच्या भजनी मंडळात भांडण झालं, तिथून हे सगळं डोक्यात सुरू झालंय. धाकटी पोरं म्हणाली पेटीच्या जोडीला एक कीबोर्ड घेऊया, शेवटच्या गजराला पॅड लावूया, तर बुवा काही बोललेच नाहीत, टाळ पिशवीत घातले आणि उठून गेले. घरी आलो तर झोप येईना, हेडफोन घातला, आणि फोनने आपणहून स्ट्रॉब्स हा इंग्लिश बँड लावला. 'ग्रेव्ह न्यू वर्ल्ड', 1972 चा अल्बम. कॉलेजात ऐकला होता, पण परवा ऐकताना वाटलं हे तर आमच्याच मंडळाचं भांडण आहे की, फक्त इंग्लंडात झालेलं.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. हा बँड 1964 ला स्ट्रॉबेरी हिल बॉईज नावाने सुरू झाला, लंडनजवळ ट्विकनहॅमला स्ट्रॉबेरी हिल म्हणून भाग आहे तिथे तालीम करायचे म्हणून ते नाव. गिटार, बँजो, मॅन्डोलिन, म्हणजे अगदी कट्ट्यावरचं वाजवणं. डेव्ह कझिन्स आणि टोनी हूपर हे दोघे मुळातले. 1967 ला सँडी डेनी काही महिने त्यांच्यात गायली आणि पुढच्या वर्षी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन ह्या दुसऱ्या बँडमध्ये गेली. 1970 ला रिक वेकमन पियानो-ऑर्गनवर आला, त्याला पुढच्याच वर्षी यस बँडने उचलला. त्याच्या जागी ब्लू वीव्हर आला, मेलोट्रॉन नावाचं टेपवर चालणारं पट्ट्यांचं वाद्य घेऊन. आणि मग हा अल्बम. सुरुवातीला 'बेनेडिक्टस', म्हणजे जवळजवळ आरतीच, आणि जरा पुढे गेलं की 'न्यू वर्ल्ड', तिथे कझिन्स असा ओरडतोय की अंगावर काटा येतो, मागे मेलोट्रॉनची भिंत. ब्रिटनमध्ये अल्बम 11 नंबरपर्यंत गेला. आणि त्यानंतर टोनी हूपर बँड सोडून गेला. म्हणजे पहिल्यापासून असलेला माणूसच उठून गेला, आमच्या बुवांसारखा.

आता माझं मत. माझ्या मते त्यांनी लोकगीत सोडलेलं नाही. 'बेनेडिक्टस'मधला तो करकरीत सोलो आहे ना, गिटार वाटतो, ती गिटार नाहीये, डल्सिमर आहे, मांडीवर घेऊन वाजवायचं जुनं लोकवाद्य, फझ बॉक्समधून, म्हणजे आवाज करकरीत करणाऱ्या डबीतून काढलेलं. वाद्य तेच, फक्त त्याला वीज जोडली. शब्द बघा, चाल बघा, सगळं जुन्या बॅलडचंच आहे. खोपीतला माणूस वाड्यात राहायला गेला म्हणून त्याची बोली बदलत नाही. तुमचं काय म्हणणं?

खानापूरचा_टाळकरी

वाड्यात गेलेल्याची बोलीच पहिली बदलते. माझा भाचा टिळकवाडीत फ्लॅट घेऊन राहिलाय, आता फोनवर 'अ‍ॅक्च्युअली मामा' म्हणून सुरू करतोय.

बाकी लिहितो सवडीने, अल्बम आधी ऐकतो. नातवाला सांगितलंय लावून दे म्हणून.

निपाणी_कट्टा

अप्पा एक नंबर 😂

ढोलक्या, तू एवढा लांब गेलास पण खरी गंमत पुढच्या वर्षाची आहे ती सांगितलीच नाहीस मर्दा. 1973 ला ह्याच बँडचं 'पार्ट ऑफ द युनियन' आलं, ब्रिटनमध्ये 2 नंबरला गेलं. ते कुणी लिहिलं? कझिन्सने नाही. ड्रमवाला रिचर्ड हडसन आणि बासवाला जॉन फोर्ड, ह्या दोघांनी. कामगार युनियनचं गाणं, एकदा ऐकलं की तोंडात बसतंय, दारू पिऊन गाता येतंय, बसमध्ये गाता येतंय. मेलोट्रॉनची भिंतबिंत काही नाही त्यात. आणि झालं काय, ते दोघं त्याच वर्षी बाहेर पडले. म्हणजे कझिन्स साहेब मोठमोठे महाल बांधत बसले आणि लोकांनी गायलं कुठलं, तर मागच्या खोलीत ड्रम बडवणाऱ्यानं लिहिलेलं.

माझी आज्जी विडी वळायची. दिवसाला हजार वळायला लागत्यात म्हणून सगळ्या बायका ओळीनं बसायच्या, आणि हात चालायचा तो गाण्यावर. गाणं थांबलं की हात मंदावायचा. मला लोकगीत म्हटलं की ते आठवतंय. हाताला कामाला लावणारं पाहिजे. 'न्यू वर्ल्ड' लावून कुणी विडी वळून दाखवावी.

पेटीवाली_शहापूर

मी गेली तीस वर्षं पेटी शिकवते, त्यामुळे 'आपलं वाद्य' आणि 'बाहेरचं वाद्य' ही चर्चा ऐकली की मला हसू येतं. बुवा कीबोर्ड नको म्हणून उठले, आणि पुढ्यात काय ठेवून बसले होते? पेटी. ती कुठली? पॅरिसमध्ये 1840 च्या दशकात झालेली, पायाने भाता मारायची. मग कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची केली म्हणून आपल्याला मांडी घालून वाजवता यायला लागली. आणि आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हिला दारात उभं केलं नव्हतं, का तर परकी आहे, मींड निघत नाही, सूर ठरीव आहेत. तीस वर्षं! त्या काळात आपल्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत होते, शिष्य तयार करत होते. त्यांनी पेटीतून जे काढलं ते ऐकून कुणी म्हणावं की हे परकं आहे.

मेलोट्रॉनबद्दल पण सांगते कारण इथे बऱ्याच जणांना तो सिंथेसायझर वाटतोय. तसं नाहीये. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, त्यावर खऱ्या माणसांनी वाजवलेलं व्हायोलिन किंवा बासरी किंवा कोरस रेकॉर्ड केलेलं. पट्टी दाबली की टेप सरकते, आणि साधारण 8 सेकंदांत संपते. मग बोट उचलायचंच, नाहीतर आवाज जातो. म्हणजे त्या यंत्राला श्वास आहे हो, आणि तो आपल्यापेक्षा लांब नाही. वाजवणाऱ्याला सारखं सूर बदलत राहावं लागतं, दम लागलेल्या गायकासारखं. मला तरी तो आवाज म्हणूनच भजनातल्या मागच्या साथीसारखा वाटतो, किंचित हललेला, किंचित बेसूर, आणि खूप माणसं एकदम गात असल्यासारखा.

अनगोळचा_ढोलकीवाला

ताई 🙏 हे बुवांना पाठवू का?

पेटीवाली_शहापूर

पाठव, पण माझं नाव सांगू नको.

पुण्यातला_बेळगावकर

सगळ्यांची माफी मागून, पण ह्यात प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, आहे कुठे? 1972 हे वर्ष घ्या. त्याच वर्षी यसचं 'क्लोज टू द एज' आलं, एक गाणं जवळजवळ 19 मिनिटं, अख्खी एक बाजू. जेनेसिसचं 'फॉक्सट्रॉट' आलं, त्यात 'सपर्स रेडी' 20 मिनिटांच्या वर. जेथ्रो टलने 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' काढला, दोन्ही बाजू मिळून एकच गाणं! आणि ह्या बिचाऱ्यांचं काय, तीन-चार-पाच मिनिटांची गाणी, एक मेलोट्रॉनचं, एक ब्रास बँडचं, एक जुन्या डान्स हॉलचं. मला प्रामाणिकपणे सांगायचं तर हा अल्बम धड इकडे नाही धड तिकडे नाही. लोकगीतवाले म्हणतात फार पुढे गेले आणि मी म्हणतो फार मागे राहिले. जायचं तर पूर्ण जावं ना. वेकमन का गेला यसमध्ये? त्याला मोकळं रान पाहिजे होतं.

अनगोळचा_ढोलकीवाला

भावा, मिनिटं मोजून प्रोग ठरत असेल तर आमच्या गावचं जागरण हा जगातला सगळ्यात मोठा प्रोग अल्बम आहे, रात्री नऊला सुरू होतंय ते उजाडेपर्यंत.

आणि लांब गाणी त्यांना येत नव्हती असं नाही. 1970 च्या लाइव्ह अल्बममध्ये 'अँटिक स्वीट' आहे, बारा मिनिटांचं, तुकडे जोडून केलेलं, आणि त्यात बहुतेक सगळं साध्या वाद्यांवर. इथे त्यांनी लांबी गाण्यात ठेवली नाही, अल्बममध्ये ठेवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने ऐक, एका माणसाचा जन्म ते मरण असा प्रवास आहे, शेवटचं गाणंच 'द जर्नीज एंड'.

पेटीवाली_शहापूर

आणि हे काही नवीन नाही. आपल्या भजनाला क्रम नसतो का? आधी 'जय जय रामकृष्ण हरी', मग रूपाचा अभंग, मग बाकीचे, मग गौळण, शेवटी भैरवी. कुणी मध्येच भैरवी सुरू केली तर लोक चपला घालायला लागतात. कन्सेप्ट अल्बमच आहे तो, फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही.

पुण्यातला_बेळगावकर

बरं. क्रमाचा मुद्दा मान्य. ब्रास बँडचा नाही.

कॅम्पातला_बिगुल

ब्रासला कोण बोललं रे 😀 आमचं घर कॅम्पात, लहानपणापासून सकाळी मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड ऐकत उठलेलो आहे आणि संध्याकाळी लग्नाच्या वरातीतला. 'हेवी डिस्गाइज' ऐकून मला तरी वाटलं की दोन्ही एकत्र आलेत. जॉन फोर्ड एकटा गिटारवर गातोय आणि मागून ते पितळी बाजे हळूच येतात. त्याची रचना रॉबर्ट कर्बीची आहे, निक ड्रेकच्या गाण्यांना ज्याने व्हायोलिनं दिली तो. इंग्लंडमध्ये खाणकामगारांच्या गावात असे बँड असायचे, म्हणजे तिकडे ब्रास हेच लोकसंगीत. आपल्याकडे पण झालंच की तसं, साहेब गेला आणि बाजा राहिला, आता बेंडबाजाशिवाय नवरा घोड्यावर बसत नाही. लोकसंगीत म्हणजे फक्त तुणतुणं असं कुणी ठरवलं?

खानापूरचा_टाळकरी

ऐकला. दोन वेळा. नातू कंटाळून झोपला, मी जागा होतो.

पहिल्यांदा चांगलं सांगतो. 'द फ्लॉवर अँड द यंग मॅन' लागलं तेव्हा सुरुवातीला नुसते गळे आहेत, वाद्य नाही, चार-पाच जण एकात एक मिसळून गातायत, तिथे मी उठून बसलो. हे कुठलं का असेना, हे मला कळतंय. आमच्याकडे काकड्याला पहाटे तोंडं धुतलेली नसताना लोक गातात तसं. मग वाजंत्री आली.

आता वाईट. 'इज इट टुडे, लॉर्ड' मध्ये तो ड्रमवाला सतार वाजवतोय, त्यात तबला पण आहे. त्याला वाजवणं म्हणायचं असेल तर म्हणा. ठेका म्हणू नका. मी चाळीस वर्षं टाळ धरलाय, कुठं सम आहे मला सापडली नाही, बहुतेक त्यालाही सापडली नसावी.

ढोलकीवाला, तू म्हणतोस वाद्य तेच आहे फक्त वीज जोडली. पेटीवाली ताई म्हणतात पेटी पण बाहेरचीच. सगळं मान्य. माझं वाद्याशी भांडणच नाही. लोकगीताची माझ्याकडे एकच परीक्षा आहे, पहिलं कडवं संपलं की समोरचा माणूस तोंड उघडतो की नाही. भजनात मी एक ओळ म्हणतो ती चाळीस जण झेलतात, त्यातले दहा बेसूर असतात, दोघं झोपेत असतात, तरी ती ओळ त्यांची होते. 'बेनेडिक्टस'ला तोंड उघडतंय. 'न्यू वर्ल्ड'ला? तिथं तर मलप्रभेला जुलैत पूर आल्यासारखं आहे. कणकुंबीला जिथं उगम आहे तिथं ती एवढीशी असते, पोरं उडी मारून पलीकडं जातात. जुलैत तुम्ही काय करता? काठावर उभं राहून बघता. भारी दिसतंय, घाबरायला पण होतंय, पण पाण्यात कोण उतरत नाही. तुमचं प्रोग म्हणजे ते. माणसाला काठावर उभं करतंय.

बुवा कीबोर्डला घाबरून उठले नसतील. शेवटच्या गजराला पॅड लागला की मागच्या रांगेतला म्हातारा टाळी थांबवून बघत बसतो, ते त्यांना दिसलं असेल.

निपाणी_कट्टा

अप्पा, हेच मी म्हणत होतो पण मला असं लिहिता येत नाही.

अनगोळचा_ढोलकीवाला

अप्पा, मुद्दा लागला. खरं सांगतो, थोडा वेळ काही सुचलं नाही.

पण मग तुम्ही कुमार गंधर्वांचं काय करणार? सुळेभावी इथून किती लांब आहे, तिथं 1924 ला जन्मले. क्षयाच्या आजारात देवासला जाऊन पडले, आणि आजूबाजूच्या बायकांची माळव्यातली गाणी ऐकली, गोळा केली, आणि त्यातून नवीन राग उभे केले, धुनउगम राग म्हणायचे. ते ऐकताना कोण तोंड उघडतंय? हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल. म्हणजे त्यांनी पण माणसाला काठावरच उभं केलं. त्यांना आपण काय म्हणतो, लोकगीत बुडवलं म्हणतो का?

खानापूरचा_टाळकरी

कुमारांनी त्या रागाला 'हे लोकगीत आहे' म्हणून विकलं नाही. राग म्हणाले. आणि जेव्हा माळवी गाणं गायले तेव्हा माळवी गाणं म्हणून गायले. दोन भांडी वेगळी ठेवली. तुझ्या कझिन्सने एकाच पातेल्यात कुंदा आणि रस्सा केला.

पुण्यातला_बेळगावकर

हे खरंतर माझ्या बाजूचं आहे 😅 जायचं तर पूर्ण जावं.

गोकाकचा_करदंट

नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड, मराठी बाजारात आणि शाळेत शिकलेलं आहे, चुकलं तर सांभाळून घ्यावं.

तुमच्याकडं कलगी-तुरा आहे तसं आमच्याकडं हरदेशी-नागेशी आहे, एक पार्टी प्रश्न टाकती, दुसरी उत्तर देती, पहाटेपर्यंत कोण हारत नाही. हा धागा बघून तेच आठवायलंय. म्हणून मी पण एक पद टाकतो.

आमचं श्रीकृष्ण पारिजात बघितलंय का कुणी? कुळगोडच्या तम्मण्णानी बांधलेलं, आमच्याच भागातलं गाव. पुढं कौजलगीची निंगम्मा ह्यांनी ते एवढं नावाजलं. आता पारिजात म्हणजे लोकनाट्य म्हणतात की नाही? आणि गाणी ऐका, हिंदुस्थानी रागाचा वास येतोय, पेटी आहे, तबला आहे, मराठी नाटकाची हवा पण लागलेली आहे. शुद्ध म्हणून काय राहिलंय? काही नाही. तरी लोक रात्रभर बसतात. का बसतात? कारण मध्ये भागवत आणि दूती यांचं बोलणं आहे, ते लिहिलेलं नसतंय, त्या रात्री त्या गावात जे झालं ते त्यात येतंय. ऊस किती टनाला गेला ते येतंय. पुढच्या रांगेतल्या पाटलाची मिशी येती. आज इथं, उद्या तिथं, एकदा झालेलं परत तसंच होत नाही.

मला वाटतं अप्पांचं पण पूर्ण बरोबर नाही आणि ढोलकीवाल्यांचं पण. लोकांनी तोंड उघडलंच पाहिजे असं नाही, पारिजातात लोक गात नाहीत, बघतातच. पण गाण्याला फट पाहिजे. आत शिरायला फट. हा अल्बम मी पण ऐकला, एकदम छान बांधलेला आहे, सगळीकडं सिमेंट. फट कुठं आहे?

पेटीवाली_शहापूर

वा. 'सगळीकडं सिमेंट'.

(आणि तुमचं मराठी माझ्या पुण्याच्या सुनेपेक्षा चांगलं आहे.)

कॅम्पातला_बिगुल

फट आहे ना. त्यांचं पुढचं माहितीये का? हे 2000 नंतर कझिन्स आणि त्यांचाच गिटारवाला लॅम्बर्ट आणि अजून एक असे तिघंच जण नुसत्या गिटारी घेऊन फिरायला लागले, अकूस्टिक स्ट्रॉब्स म्हणून. ड्रम नाही, मेलोट्रॉन नाही, आणि जुनी मोठमोठी गाणी तीन खुर्च्या टाकून वाजवायचे. सिमेंट काढून टाकलं आणि घर उभंच राहिलं की हो. सिमेंटचंच असतं तर पडलं असतं. ज्या टोनी हूपरला हे नको होतं तो सुद्धा 1983 ला जुने सगळे केंब्रिजच्या फोक फेस्टिव्हलला परत जमले तेव्हा त्यांच्यात होता. फोक फेस्टिव्हल, बघा! तिकडच्या लोकगीतवाल्यांनीच परत बोलावलं.

अनगोळचा_ढोलकीवाला

बिगुल भावा तुझ्या घरी जेवायला येतो.

हेच मला सुरुवातीला म्हणायचं होतं पण मी वाडाबिडा करत बसलो. अंगावरचं काढून ठेवलं तरी आतलं गाणं उभं राहतंय का, ही परीक्षा घ्या. यसचं 'क्लोज टू द एज' तीन खुर्च्यांवर बसवून दाखवा. 'बेनेडिक्टस' बसतंय.

अजून एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितोच. 'न्यू वर्ल्ड' हे उत्तर आयर्लंडच्या दंगलींवरून आलेलं गाणं आहे, एकाच गल्लीतली माणसं एकमेकांचा जीव घ्यायला उठली त्याचा संताप. सुरुवातीला मीच म्हटलं ओरडतोय. ओरडणारच. अल्बम आला फेब्रुवारी 1972 ला, आणि जानेवारीच्या 30 तारखेला तिकडं डेरीला सैन्याने मोर्च्यावर गोळ्या घातल्या होत्या. गाणं त्याच्या आधीचं आहे, पण लोकांनी ऐकलं ते त्या बातमीनंतर. जुन्या बॅलडच्या चालीत, मॅन्डोलिनवर तो संताप मावला नसता, म्हणून मेलोट्रॉन आलाय. हौस म्हणून नाही. सीमाभागात वाढलेल्याला, 1 नोव्हेंबरला, म्हणजे इकडं राज्योत्सव आणि आपल्याकडं काळा दिवस असतो त्या दिवशी, घरात एक आणि रस्त्यावर दुसरं बघितलेल्याला, हे कळायला पाहिजे.

पुण्यातला_बेळगावकर

झालं, आला सीमाप्रश्न. कुठलाही धागा असो, विसाव्या कमेंटच्या आत येतोच.

निपाणी_कट्टा

मोजलं, एकोणिसाव्या कमेंटला आला 😂

पेटीवाली_शहापूर

तुलना जपून कर रे बाळा. तिकडे बॉम्ब फुटले, तीन हजारांवर माणसं गेली. आपल्याकडे बोर्डाला डांबर फासलं जातं, बस दोन दिवस बंद राहते, आणि तिसऱ्या दिवशी त्याच बसमध्ये सगळे शेजारी बसून भांडतात. आपलंही दुःख आहे, आपल्याकडेही लोक गेलेत, पण मोजमाप एक नाही.

अनगोळचा_ढोलकीवाला

ताई बरोबर आहे तुमचं. तुलना मागे घेतो. पण गाण्याबद्दलचं मागे घेत नाही, राग मोठा असला की आवाज मोठा लागतो.

गोकाकचा_करदंट

आणू दे की सीमाप्रश्न, मला काय त्रास नाही. फक्त आणताना दोन्ही बाजूनी आणा. 1 नोव्हेंबरला आमच्या घरात पेढे असतात आणि माझा मित्र काळी फीत लावून फिरतो, संध्याकाळी दोघं एकाच टपरीवर चहा पितो. त्यावर कोण गाणं केलंय? कुणीच नाही. ते केलं तर मी कीबोर्डला पैसे देतो.

निपाणी_कट्टा

हे भारी. पण गाणं कुठल्या भाषेत?

गोकाकचा_करदंट

सवाल कन्नडमध्ये, जवाब मराठीत. हरदेशी-नागेशी.

खानापूरचा_टाळकरी

दोन दिवस शेतात होतो, भाताची लावणी चाललीय, आता सगळं एकदम वाचलं.

ढोलकीवाला, तू म्हणतोस रागाला मोठा आवाज लागतो. तुकोबाला काय लागला? वीणा आणि टाळ. सालोमालोला, मंबाजीला जे बोलायचं ते त्यातच बोलले. आवाज वाढवला की राग मोठा वाटतो, असतोच असं नाही. हे माझं मत कायम आहे आणि ते बदलणार नाही, उगीच वाट बघू नकोस.

पण कॅम्पातल्या पोरानं तीन खुर्च्यांचं सांगितलं ते नातवाकडून शोधून घेतलं. ऐकलं. म्हातारे झालेत, कझिन्सचा आवाज फाटलाय, वरचा सूर पूर्वीसारखा लागत नाही, तरी म्हणतोय. समोर बसलेले लोक पण म्हातारे, आणि ते ओठ हलवतायत. मी नीट बघितलं, नातवाला म्हटलं मागं घे परत दाखव. ओठ हलवतायत. ह्याला एवढी वर्षं लागली असं तू म्हणशील. मी म्हणतो मेलोट्रॉन काढल्यावर हललेत. ठीक आहे, आपण दोघं दोन बाजूला उभं राहू.

दुसरं, ते नुसत्या गळ्यांचं गाणं, फुलाचं आणि तरुणाचं, त्याची सुरुवात मी आमच्या चौघा टाळकऱ्यांना ऐकवली. इंग्रजी कुणाला येत नाही म्हणून शब्द सोडून दिले, नुसता आकार धरला. पहिल्या दिवशी चौघं चार गावाला गेले. काल जरा एकत्र आलं. खालचा सूर धरायला माणूस मिळत नाही, सगळ्यांना वरच जायचं असतंय, भजनी माणसाची खोडच ती.

एकादशीला तुमच्या अनगोळला आम्हाला बोलावणं आहे. बुवांना मी फोन केलाय, येणार म्हणालेत. पेटी पांढरी चारवर घेतली तर बसतंय का बघूया, ताईंना पण सांग, त्या आल्या तर खालचा सूर त्याच धरतील. कीबोर्ड आणू नकोस. आणलासच तर माझ्यापासून लांब ठेव, आणि प्लग पंख्याच्या बोर्डाला लावू नका, मागच्या वेळी अख्ख्या देवळाचा फ्यूज गेला होता.